लांकूडतोडीच्या जुन्या यंत्रांचीं चलच्चित्रें व त्यांचें रक्षण

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं मेन हें अगदीं ईशान्य टोंकाचें संस्थान. त्याच्या पूर्व भागांत मचायस नांवाची एक नदी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशीं त्याच नांवाचें गांव आहे. येथील मचायस लंबर कंपनीचे चालक आल्फ्रेड एम्स यांनीं इ. स. १९३० मध्यें आपल्या धंद्याचें एक मूक चलच्चित्र तयार केलें. त्याचें नांव 'फ्रॉम स्टंप टु शिप', म्हणजे 'बुंध्यापासून जहाजापर्यंत'. बर्फांत उभीं असलेलीं झाडें कुऱ्हाडीनें व दोघांनीं ओढावयाच्या करवतीनें पाडणें, घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांवरून ओंडके नदीकांठीं आणणें, वसंतांत बर्फ वितळून नदीस पाणी चढलें म्हणजे ते प्रवाहांत सोडून खालीं हांकीत नेणें, गिरणींत त्यांच्या फळ्या कापणें आणि शेवटीं त्या फळ्या शिडाच्या जहाजांत भरणें, असा सर्व क्रम त्यांत ओळीनें आला आहे. ही रीत आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे हें एम्स यांस उमगलें होतें. चित्र दाखवितांना वाचावयाचें निवेदनही त्यांनीं लिहून ठेविलें होतें, आणि चित्राबरोबर त्या निवेदनाचे कागदही सुदैवानें वांचले.

पोथ्या, सनदा व ताम्रपट यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पानांवर परदेशांतील लांकूडतोड्यांची ही कथा कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. प्रस्तुत लेखकाचें सर्व आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें; यंत्रशास्त्राशीं त्याचा संबंध नाहीं. परंतु आपण ज्या ग्रंथांस प्रमाण मानतों त्यांतच एक मोठी उणीव आहे, ती या चित्रामुळें मला प्रथम स्पष्ट दिसली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील दुसऱ्या अधिकरणांत कुप्याध्यक्षाचा अध्याय आहे. शाक, तिनिश, धन्वन, अर्जुन, मधूक अशीं सारदारूंचीं नांवें तेथें भरपूर आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वनसंप्रवेशाचा अध्याय आहे. मूर्तीसाठीं वृक्ष तोडावयाचा तर त्याची पूजा कशी करावी, कुऱ्हाडीस मध व तूप लावून घाव कोणत्या दिशेनें आरंभावा, झाड कोणत्या दिशेस पडलें असतां शुभ, हें सारें तेथें सांगितलें आहे. पण तो वृक्ष पडल्यावर अरण्यांतून बाहेर कसा काढीत, त्यास दोर कोठें बांधीत, किती माणसें लागत, उतारावर ओंडका अंगावर येऊं लागला तर तो कसा आंवरीत, याविषयीं एक अक्षरही नाहीं. कारण उघड आहे. जें करणाऱ्यास रोज करावें लागतें तें तो लिहीत नाहीं, आणि लिहिणाऱ्यास तें कधीं करावें लागत नाहीं. हातांची विद्या हातांबरोबरच जाते.

यंत्रांच्या बाबतींत तर हें फारच त्वरेनें घडलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रेडवुडाचे प्रचंड वृक्ष आरंभीं बैलांच्या लांबच लांब जोड्या लावून ओढीत. वाटेंत आडवीं लांकडें पुरलेलीं असत व त्यांवर तेल चोपडण्यास एक पोर पुढें पळत असे. १८८१ सालीं कॅलिफोर्नियांतील युरेका येथें जॉन डॉलबीर यांनीं या बैलांच्या जागीं वाफेचें एंजिन आणिलें व पुढच्या वर्षीं त्याचें पेटंट घेतलें. लोक त्यास 'स्टीम डाँकी', म्हणजे वाफेचें गाढव, म्हणूं लागले. लांकडी घसरपाटीवर एक उभा बॉयलर, त्याच्यापुढें एक सिलिंडर आणि दोर गुंडाळावयाचा एक उभा रहाट, एवढेंच तें प्रकरण. दोराचे कांहीं वेढे रहाटास देऊन त्याचें दुसरें टोंक अरण्यांत नेऊन ओंडक्यास बांधीत. रहाट फिरूं लागला कीं ओंडका झुडुपें मोडीत, माती उकरीत यंत्राकडे येई. मोकळा दोर पुन्हां अरण्यांत नेण्यास प्रथम घोडा लागे. पुढें परतीच्या दोराची युक्ति निघाली व घोडाही सुटला. हें यंत्र स्वतःस हालविण्यासही स्वतःचाच उपयोग करी. समोरच्या एखाद्या झाडास दोर बांधून तें आपणच आपणांस ओढीत पुढें जाई.

ओंडक्याजवळचे मजूर आणि यंत्र चालविणारा यांमध्यें पुष्कळ अंतर असे व ते एकमेकांस दिसत नसत. म्हणून मधल्या एखाद्या जागीं एक मुलगा उभा असे. तो तार ओढून यंत्राची शिटी वाजवी, आणि शिट्यांच्या संख्येवरून 'ओढ', 'थांब', 'सैल सोड' हें यंत्रवाल्यास कळे. एका शिटीची चूक झाली तर माणूस जायचा. आतां जुन्या मूकपटांत त्या मुलाचा हात तार ओढतांना दिसेल, बॉयलरावर वाफेचा पांढरा फवाराही दिसेल. शिटी मात्र ऐकूं येणार नाहीं. स्वरचिन्हें नसलेली वेदाची पोथी हातीं आल्यासारखी ही स्थिति आहे. तरीही फवारे मोजतां येतात, व कोणत्या खुणेनंतर दोर ताठ झाला हेंही पाहतां येतें. नुसत्या लेखावरून एवढेंही साधणार नाहीं.

मेनमध्यें दुसरें एक यंत्र निघालें, तें मला याहून अधिक विलक्षण वाटतें. वॉटरव्हिल येथील आल्व्हिन लोंबार्ड यांनीं १९०१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. दिसण्यांत तें आगगाडीच्या लहान एंजिनासारखें. पण त्याच्या मागील भागास चाकांच्या जागीं लोखंडी पट्ट्यांच्या फिरत्या माळा आणि पुढच्या भागास बर्फावरून घसरणाऱ्या धांवा. आज शेतांत व रणांगणांत जीं माळेवर चालणारीं यंत्रें दिसतात त्यांच्या अगदीं आरंभीच्या यशस्वी पूर्वजांत याची गणना होते. १९१७ पर्यंत अशीं वाफेचीं ८३ यंत्रें बांधलीं गेलीं. हिवाळ्यांत अरण्यांतील वाटेवर पाणी शिंपडून तिचें बर्फ करीत आणि त्या कांचेसारख्या वाटेवरून हें यंत्र ओंडक्यांनीं लादलेल्या घसरगाड्यांची माळ ओढीत नेई.

यावर चार माणसें असत. त्यांतील तिघांविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. चौथा सुकाणूवाला. तो बॉयलराच्याही पुढें, उघड्यावर बसे. तोंडावर बर्फाचा वारा आणि पाठीशीं तापलेलें लोखंड. यंत्रास ब्रेक नव्हता. उतार आला म्हणजे मागच्या गाड्यांचा सर्व भार यंत्रास रेटी, आणि त्या वेळीं सुकाणूवाल्याच्या हातीं चाक फिरविण्यापलीकडे कांहीं नसे. म्हणून उतारावर अगोदरच गवत पसरून ठेवीत, त्यानें धांवांस अडथळा होऊन वेग कमी होई. गवत पसरण्यासाठीं वेगळा माणूस नेमलेला असे. गवत कमी पडलें तर अपघात, जास्त पडलें तर गाड्या तेथेंच रुतून बसावयाच्या. किती पसरावें याचें माप त्या माणसाच्या हातांत होतें, दुसरीकडे कोठेंही नव्हतें.

अशीं कांहीं यंत्रें आज संग्रहालयांत आहेत. मेनमधील ब्रॅड्ली येथील लांकूडतोडीच्या संग्रहालयांतील एक लोंबार्ड तेथील विद्यापीठाच्या यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें पुन्हा वाफेवर चालतें करण्यांत आलें आहे. हें काम थोर आहे. परंतु चालतें केलेलें यंत्र देखील सांगतें तें यंत्राविषयीं. तें अंगवळणीं पडलेला माणूस त्यावर कसा चढे, पाय कोठें टेकी, वळणाच्या किती आधीं चाक फिरवूं लागे, हें सांगण्यास त्या काळीं घेतलेली फीतच पाहिजे. शस्त्रागारांतील पट्टा आणि पट्टा फिरविणारा यांत जितकें अंतर तितकेंच हें.

आतां एक स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे, आणि ती माझ्या अपराधाची आहे. १९८६ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत संस्कृताचा शिक्षक म्हणून रुजू झालों. नव्या शिक्षकाच्या गळ्यांत जीं नको असलेलीं कामें पडतात त्यांत प्रोजेक्टरचें कपाट माझ्याकडे आलें. कपाटांत सोळा मिलिमीटर रुंदीच्या फितींचीं दहा-बारा रिळें होतीं. तीं कोठून आलीं याची नोंद नव्हती. एका डब्यावर खडूनें 'अरण्यांतील उद्योग' असें लिहिलेलें होतें. एका पावसाळी शनिवारीं तें रीळ मीं मुलांस दाखविलें. एका अवाढव्य वृक्षाच्या बुंध्यांत दीड पुरुष उंचीवर दोन फळ्या खोंचल्या होत्या, त्यांवर उभे राहून दोघे जण करवत ओढीत होते. नंतर एका घसरपाटीवर उभा बॉयलर, फिरणारा रहाट, आणि झाडींतून उसळ्या घेत येणारा ओंडका. "सर, हें काय आहे?" असें एका मुलानें विचारलें. "वाफेचें रहाटगाडगें असावें," असें सांगून मीं वेळ मारून नेली.

१९९४ सालीं डेडस्टॉकची तपासणी झाली. त्या कपाटास तोंपर्यंत झोंबणारा आंबट वास येऊं लागला होता. फिती आक्रसल्या होत्या, कडा लाटांसारख्या वर-खालीं झाल्या होत्या. 'आंबल्या आहेत, निरुपयोगी' असा शेरा लिहून मीं निर्लेखनाच्या यादीवर सही केली आणि सर्व रिळें भंगारांत गेलीं. कुजकट वास येणारी पोथी मीं कधीं टांकूं दिली नसती. तिला ऊन-वारा दाखविला असता, तिची नक्कल करून घेतली असती. रिळाविषयीं ही बुद्धि झाली नाहीं, कारण रीळ म्हणजे शाळेचें सामान आणि पोथी म्हणजे विद्या, अशी माझी समजूत होती.

तो आंबट वास म्हणजे काय हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. फितीचे मुख्य प्रकार दोन. पहिला नायट्रेटचा, तो अत्यंत ज्वालाग्राही, आणि १९५० च्या सुमारापर्यंत चित्रगृहांतील रुंद फिती त्याच्याच असत. पुण्यांत २००३ सालीं लागलेल्या आगींत अशाच फितींचा मोठा सांठा जळाला, ही गोष्ट अनेकांस ठाऊक असेल. दुसरा ॲसिटेटचा. हौशी लोकांसाठीं व शाळांसाठीं कोडॅक कंपनीनें १९२३ सालीं जी सोळा मिलिमीटरची फीत काढिली ती पहिल्यापासून या निर्धोक जातीची आहे. ती सहजासहजीं पेट घेत नाहीं. पण उष्ण व दमट हवेंत तिच्यांतून शिरक्याचें आम्ल सुटूं लागतें, आणि सुटलेलें आम्ल पुढचा नाश अधिक वेगानें घडवितें. शेजारच्या डब्यांतील फितीसही त्याची बाधा होते. १९४८ च्या सुमारास प्रचारांत आलेल्या ट्रायॲसिटेट फितीच्या या विकाराची पहिली तक्रार ईस्टमन कोडॅककडे दहा वर्षांच्या आंत गेली, ती भारत सरकारकडून. म्हणजे रोगाची पहिली नोंद आपल्याच हवेंतली. अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील एका संस्थेनें यासाठीं कागदाच्या पट्ट्या काढल्या आहेत. डब्यांत ठेविलेली निळी पट्टी हिरवी व पुढें पिवळी होत गेली कीं आम्ल किती वाढलें हें समजतें. वास सुटला म्हणजे सर्व संपलें असें नव्हे. त्या अवस्थेंतही बहुधा नक्कल घेतां येते, मात्र विलंबास वाव उरत नाहीं. माझा शेरा या दृष्टीनेंही चुकीचा होता.

थंडी व कोरडी हवा हेंच यावर मुख्य औषध. कॅनडाच्या वायव्येस यूकॉन प्रांतांत डॉसन नांवाचें गांव आहे. तेथें १९७८ सालीं खोदकाम चालू असतां मूकपटांचीं ५३३ रिळें जमिनींत सांपडलीं. जुना पोहण्याचा हौद भरून काढण्यासाठीं तीं १९२९ च्या सुमारास पुरलीं होतीं, आणि गोठलेल्या मातीनें तीं राखलीं. कागदानेंही एकदां फितीचे प्राण वांचविले आहेत. १९१२ पूर्वीं अमेरिकेच्या स्वामित्वकायद्यांत चलच्चित्रांस जागा नव्हती, म्हणून निर्माते आपलें चित्र लांब कागदी पट्टीवर छापून 'छायाचित्र' म्हणून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें नोंदवीत. मूळ फिती बहुतेक गेल्या, कागद राहिले, आणि त्या कागदांवरून पुढें पुन्हां फिती करण्यांत आल्या. आमच्या कागदवाल्या वाचकांस ही हकीकत आवडेल म्हणून दिली.

रक्षणानंतर पाठशुद्धि. फितीची परीक्षा करणारा आणि पोथीची परीक्षा करणारा यांचीं कामें इतकीं सारखीं आहेत कीं मला प्रथम आश्चर्य वाटलें. कंपनी सरकारच्या काळचा बिलायती कागद उजेडाकडे धरून त्यांतील जलचिन्हावरून आपण त्याचें वय ठरवितों. कोडॅकच्या फितीच्या कडेसही वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशीं बारीक चिन्हें असतात व त्यांवरून ती कोणत्या वर्षीं तयार झाली हें कळतें. मात्र हीं चिन्हें वीस वर्षांनीं फिरून तींच येतात, म्हणून एकच चिन्ह १९२७ चें किंवा १९४७ चें असूं शकतें. साठ संवत्सरांच्या चक्रांत केवळ संवत्सराचें नांव देणाऱ्या लेखासारखी ही अडचण. दुसरा फांस याहून वाईट. नक्कल घेतांना मूळ फितीच्या कडेचें चिन्हही नव्या फितीवर उमटूं शकतें. लेखकानें मूळ पोथीची पुष्पिका जशीच्या तशी उतरून घ्यावी आणि आपण त्या शकास नकलेचा शक समजावें, तसें येथें होतें. ज्यानें नक्कल घेतांना कडा कापून टांकल्या त्यानें ही पुष्पिकाच फाडली असें समजावें.

पोथीचीं पहिलीं व शेवटचीं पानें आधीं झिजतात. रिळाचीही पहिली व शेवटची फीत आधीं तुटते, आणि नांव, गांव, साल बहुधा तेथेंच असतें. यास्तव लांकूडतोडीचीं पुष्कळ चित्रें अनामिक झालीं आहेत. तीं ओळखावयाचीं कशीं? यंत्रावरून, झाडाच्या जातीवरून, ओंडक्यावर हातोड्यानें ठोकलेल्या मालकाच्या खुणेवरून. नदींत अनेकांचे ओंडके एकत्र वाहत असल्यामुळें प्रत्येक मालकाची खूण वेगळी असे. आपल्या वनखात्याचे ठोकहातोडेही याच कुळांतले.

वेगाचाही एक पाठभेद आहे. मूकपट सामान्यतः सेकंदास सोळा चित्रें या मानानें घेत, बोलपट चोवीस या मानानें चालतो. सोळा मिलिमीटरच्या एका फुटांत चाळीस चित्रें मावतात, म्हणून चारशें फुटांच्या रिळांत सोळा हजार. तें सोळाच्या मानानें चालविल्यास सुमारें सतरा मिनिटें पुरतें, चोवीसच्या मानानें अकरा मिनिटांत संपतें. असा चुकीच्या वेगानें दाखविलेला मूकपट पाहून प्रेक्षक हंसतात. ओंडक्यांवरून उड्या टाकणारे नदीवरचे मजूर माकडांसारखे दिसतात. पण त्या मजुराचें सर्व कौशल्य त्याच्या सावकाशपणांत होतें. पाय ठेवण्यापूर्वीं तो क्षणभर थबके, हातांतील खिळ्याच्या दांड्यानें ओंडक्याचा कल पाही, मग भार टाकी. घाईच्या पाठांत हा क्षणच गळून जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. 'फ्रॉम स्टंप टु शिप' हें धन्यानें केलेलें चित्र आहे. धन्याच्या आज्ञेनें लिहिलेल्या बखरीस आपण जी कसोटी लावतों तीच यासही लावावी. काम कसें होई हें पाहण्यास तें उत्तम साधन. मजुराच्या मनांत काय होतें हें त्यांत शोधूं नये.

त्या चित्राचें पुढें काय झालें तें आतां सांगतों, कारण माझ्या मतें या लेखाचें सार त्यांतच आहे. फीत मेन विद्यापीठाच्या संग्रहांत आली. १९८५ सालीं ती दुरुस्त करून, एम्स यांचें जुनें निवेदन टिम सँपल नांवाच्या मेनमधील विनोदी कथनकाराकडून वाचवून तें चित्रास जोडण्यांत आलें, आणि सुमारें अर्ध्या तासाचें तें चित्र त्याच प्रांतांतील लोकांस दाखविण्यांत आलें. विद्वानांची सभा न भरवितां ज्यांच्या बापजाद्यांनीं तें काम केलें त्यांनाच बोलाविलें, हें महत्त्वाचें. लोक लोटले. यांतून दोन गोष्टी उपजल्या. पहिली, करन शेल्डन व डेव्हिड वाइस यांनीं १९८६ सालीं 'नॉर्थईस्ट हिस्टॉरिक फिल्म' ही संस्था स्थापिली. पुढें तिनें बक्सपोर्ट येथील १९१६ सालचें जुनें चित्रगृह घेऊन तेथें आपलें ठाणें केलें, आणि त्या टापूंतील लोकांनीं घरोघर घेतलेलीं हौशी चित्रें तेथें जमूं लागलीं. दुसरी, त्या कंपनींत काम केलेले जे वृद्ध हयात होते त्यांच्या आठवणी नोंदवून १९८९ सालीं वेगळें चित्र निघालें. धन्याच्या चित्रावर मजुरांची ही टीकाच झाली, आणि मूळ दाखविलें नसतें तर टीका झाली नसती. तीन-चार वर्षें उशीर होता तर टीकाकारांपैकीं कित्येक राहिलेच नसते.

२००२ सालीं या चित्राचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचींत झाला. १९८८ च्या कायद्यानें ही सूची सुरू झाली व दर वर्षीं पंचवीस चित्रें तींत घेतात. 'कासाब्लांका'सारखा जगप्रसिद्ध बोलपट आणि मचायसच्या ओंडक्यांचा हा मूकपट एकाच यादींत बसले आहेत.

संग्राहकांचा याविषयींचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो पोथ्यांविषयीं मीं शेंकडों वेळां ऐकिला आहे. नक्कल सर्वांच्या हातीं गेली कीं मुळाची किंमत उतरते; कोणीतरी ती आपल्या नांवावर छापतो; दाखवून दाखवून वस्तु झिजते. यांतला तिसरा मुद्दा खरा आहे. हौशी लोकांची सोळा मिलिमीटरची फीत पुष्कळदां अशी असे कीं जी कॅमेऱ्यांत घातली तीच धुवून प्रोजेक्टरवर चढविली. मूळही तीच, नक्कलही तीच. ती पुनःपुन्हां चालविणें म्हणजे ग्रंथकाराच्या हातची एकुलती एक पोथी वर्गांत फिरविण्यासारखें आहे. तेव्हां आधीं नक्कल घ्यावी, नक्कल दाखवावी, मूळ थंड जागीं ठेवावें. आणि नक्कल झाली म्हणून मूळ टांकूं नये. संगणकावरील प्रतीचेंही आयुष्य कोणी मोजून दिलेलें नाहीं.

पहिल्या दोन आक्षेपांस एक जुनें उदाहरण पुरें आहे. वर ज्या अर्थशास्त्राचा उल्लेख केला त्याची पोथी तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें विसाव्या शतकाच्या आरंभीं म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयास दिली. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ती छापून काढिली. त्या पंडितानें पोथी पेटींत ठेविली असती तर तिची किंमत किती राहिली असती याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. फितींच्या बाबतींत हेंच काम रिक प्रेलिंगर यांनीं केलें. कारखान्यांचीं, शाळांचीं, जाहिरातींचीं जीं चित्रें कोणीच जपत नव्हतें तीं त्यांनीं १९८० नंतर जमविलीं. त्यांतील हजारों त्यांनीं इंटरनेटवर कोणासही मोफत पाहतां व उतरून घेतां येतील अशीं ठेविलीं, आणि संग्रहाचा मोठा भाग २००२ सालीं लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. मोफत दिल्यानें संग्रहाचें महत्त्व घटलें असें दिसत नाहीं. आपल्याकडे पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, परंतु त्याचा मुख्य रोख साहजिकच कथापटांवर राहिला. साखर कारखाने, सूतगिरण्या, बंधारे, वखारी यांचीं रिळें अद्याप कोणाच्या माळ्यावर असतील तर तीं त्या माळेवाल्यांच्याच स्वाधीन आहेत. दफ्तरांच्या शोधांत जुने वाडे पालथे घालणाऱ्या आमच्या मित्रांनीं मोडी रुमालांशेजारचा पत्र्याचा गोल डबाही एकदां उघडून पाहावा, एवढी विनंति आहे.

माझ्या शाळेंतील रिळाचा एक तुकडा मजजवळ आहे. त्या शनिवारीं रीळ चालू असतां फीत तुटली होती. सांधतांना फाटलेला भाग मीं कापून काढला, आणि तो टांकावयाचा राहून अमरकोशाच्या एका प्रतींत खुणेसाठीं पडला. गेल्या वर्षीं तो सांपडला. लांबी एक हात, म्हणजे दीड फूट. चित्रें साठ, म्हणजे पावणेचार सेकंदांचें दर्शन. दोन्ही कडांस भोकें आहेत. बोलपटाच्या सोळा मिलिमीटरच्या फितीस एकाच कडेस भोकें असतात, यास्तव हा मूकपटाचा तुकडा होय. वास आंबट आहे. भिंगानें पाहतां रहाट, त्यावर दोराचे तीन वेढे, आणि दोराचें सुटें टोंक धरून मागें झुकलेला एक माणूस दिसतो. शेवटल्या दहा-बारा चित्रांत तो डावा पाय उचलून दुसरीकडे ठेवितो. कडेस एक चौकोन व एक त्रिकोण आहे. हें चिन्ह या फितीचें कीं तिच्या मूळ फितीचें, आणि वीस वर्षांच्या कोणत्या फेऱ्यांतलें, हें ठरवावयाचें राहिलें आहे. साठही चित्रांच्या मोठ्या नकला करून घेतल्या आहेत; ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांस पाठविण्यांत येतील.